पाठमोरी

डॉक्टरांनी छोटा आरसा तोंडातून बाहेर काढला. "मावशी, दाढ ठणठणीत आहे."

"दुखते हो पण."

"मागच्या खेपेला डावी दुखत होती. आज उजवी?"

"डावी बरी झाली. तुमच्या हाताला गुण आहे."

डॉक्टरांनी डाव्या दाढेला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते हसू दाबत म्हणाले, "मग उजवी काढूनच टाकू. काय?"

आता बाई घाबरतील आणि खरं काय ते सांगतील, असं त्यांना वाटलं. पण मावशी कसल्या खमक्या! खुर्चीत सरसावून बसल्या. "काढा. मग जखम दाखवायला पुन्हा यावं लागेल ना?"

तेवढ्यात ड्रिल सुरू झालं. मावशींनी डोळे गच्च मिटले. मग त्यांच्या लक्षात आलं, आवाज तोंडात नव्हता. भिंतीपलीकडे, पेशंट बसतात त्या खोलीत होता.

"बाहेर काय चाललंय?"

"टीव्ही लावून घेतोय. लोकांचा वेळ जात नाही हो."

"कुठे?"

"ते चित्र होतं ना, तिथे."

"अहो!" मावशी खुर्चीतून उठल्याच. गळ्यात अडकवलेला कागदी रुमाल तसाच.

"आणि दाढ?"

"चुलीत गेली ती दाढ!"

आत येताना तर चित्र जागेवर होतं. त्यात विशेष असं काही नव्हतं. एक बाई खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरी बसलेली. मान खाली, मांडीत काहीतरी. तिचं तोंड दिसत नाही आणि मांडीतलंही दिसत नाही. मुलगा गेला त्या वर्षी मावशींचं रूट कॅनॉल चाललं होतं. तेव्हा त्यांनी ते चित्र पहिल्यांदा नीट बघितलं आणि त्यांना वाटलं, ही रडतेय. पुढच्या खेपेला वाटलं, छे, ही तर मटार सोलतेय, कोपर बघा की कसं सुटं आहे. तेव्हापासून एक दाढ बरी झाली की दुसरी दुखायला लागे.

त्या चित्रावर मावशींचा जीव जडला होता, आणि त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. घरीही हेच चित्र होतं. सून ओट्याशी पाठमोरी उभी, नळ सोडलेला, मान खाली. मावशी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जात आणि तिथेच थांबत. विचारायचं कसं? रडत नसेल तर उगीच खपली काढल्यासारखं व्हायचं. आणि रडत असेल तर? मग काय बोलणार, कप्पाळ! इथे निदान पोटभर बघता तरी येत होतं.

बाहेर शिडीवरचा माणूस भिंतीला भोकं पाडत होता. चित्र खाली उतरवून भिंतीला टेकवलेलं, काचेवर धूळ नको म्हणून तोंड भिंतीकडे केलेलं. समोर दिसत होता नुसता मागचा तपकिरी पुठ्ठा, चार गंजके खिळे आणि कोळ्याचं जाळं.

सून पर्स सावरत उठली. दर खेपेला तीच त्यांना घेऊन यायची. "झालं इतक्यात? काढली का दाढ, आई?"

मावशींनी एक खुर्ची ओढली आणि पुठ्ठ्यासमोर बसल्या.

मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा मावशींकडे. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "असं आहे होय! अहो, मग सांगायचं ना. घेऊन जा ते घरी. इथे अडगळच होणार त्याची. थांबा, सरळ करून देतो."

"राहू द्या!" मावशी इतक्या जोरात म्हणाल्या की शिडीवरच्या माणसाने ड्रिल बंद केलं. "इतकी वर्षं माझ्याकडे पाठ करून बसली होती. आता कुठे तोंड इकडे झालंय."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. पाठमोरी बाई, पाठमोरं चित्र. "बरोबर आहे की," ते पुटपुटले आणि आत निघून गेले.

सुनेला हसू आलं. ती येऊन खुर्चीमागे उभी राहिली. "मग? काय दिसतंय?"

मावशींना वळून सुनेकडे बघायचा धीर होईना. त्यांनी पुठ्ठ्यालाच विचारल्यासारखं विचारलं, "मला कधी कळलंच नाही गं. ती रडतेय की मटार सोलतेय?"

शिडीवरचा माणूस उगाच खिशात स्क्रू शोधू लागला.

"दोन्ही, आई," सून म्हणाली. "हाताला काम असलं की कुणी विचारायला येत नाही."

आणि झटकन खिडकीकडे वळली.

मावशी उठल्या. गळ्यातला कागदी रुमाल त्यांनी ओढून काढला आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"अशी इकडे तोंड कर बघू," त्या म्हणाल्या.