शेवटच्या बाकावरची शांती

“आता एकमेकांना शांती द्या,” पाळक म्हणाले आणि हस्तांदोलनासाठी चर्चमधली सगळी मंडळी उठली.

इस्त्रीवालीही उठली. शेवटच्या बाकावर ती एकटीच होती. तिचा हात सवयीनं पुढे झाला आणि हवेतच राहिला. पुढच्या बाकावरची जाऊ अर्धी वळली, तिला पाहून पुन्हा सरळ झाली. “हरिश्चंद्राची बहीण बसलीय मागे,” ती शेजारणीच्या कानात म्हणाली. पण हळू बोलणं जाऊबाईंना जन्मात जमलं नव्हतं.

पोलीस घरी आले तेव्हा सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. गाडी कोण चालवत होतं, याचं उत्तर शेवटी इस्त्रीवालीनंच दिलं. “माझा मुलगा. पाववाल्याला उडवलं आणि न थांबता घरी आला.” मुलगा तुरुंगात गेला. तेव्हापासून नवरा तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हता.

आज प्रवचन न्याय आणि दया यांवर होतं. दोघी सख्ख्या बहिणी, असं पाळक म्हणाले. मंडळीनं माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं!

नवरा एकेकाचा हात हातात घेत मागे मागे येत होता. ती वाट पाहू लागली. इतकं होऊनही आपण वाट पाहतोय, याची तिला लाज वाटली.

तो शेवटच्या बाकापाशी आला. त्यानं हात पुढे केला. तिनंही केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो तिच्यामागे दाराकडे बघतोय. दारात पाववाल्याची विधवा उभी होती, उशिरा आलेली.

“शांती असो, पोरी,” तो पुढे होऊन विधवेचा हात धरून म्हणाला. “कोर्टात माझ्या मुलासाठी दया मागितलीस. तुझे उपकार कसे फेडू?” मग तो आपल्या जागेवर परत गेला.

इस्त्रीवालीला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

दुसरीकडे जागाच नव्हती. विधवा तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. मग दोघींनी हात पुढे केले.

“शांती असो.”

“शांती असो, काकू.”

“सासरी बरं चाललंय ना?”

“काढलं त्यांनी मला. आमच्या पोराला मारणाऱ्याला माफ करणारी सून नको, म्हणाले.” दूध नासलं म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं. “मैत्रिणीकडे राहते.”

इस्त्रीवालीनं तिचा हात सोडला नाही.

“काकू, रागावू नका. पण तुम्ही तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. कोणी मारलं ते कळलंच नसतं. मग मला कुणाला माफ करावं लागलं नसतं.”

“मलाही रोज तेच वाटतं गं,” इस्त्रीवाली म्हणाली.

पाळकांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. मंडळी बसली. त्या दोघी हातात हात धरून तशाच उभ्या होत्या.