कमी नुकसानीची आळी

"नमस्कार. तासाभरात तुमच्या आळीत पावसाचं तुंबलेलं पाणी सोडत आहोत. गैरसोयीबद्दल क्षमस्व," चौकातलं पालिकेचं बोलणारं गटाराचं झाकण नेहमीच्या गोड आवाजात म्हणालं आणि बुरूड आळीत एकच लगबग उडाली. सिलिंडर पलंगावर गेले, पिठाचे डबे माळ्यावर चढले. द्वारकाबाईंनीही नवी गादी उचलली. लेक बाळंतपणाला येणार म्हणून त्यांनी ती परवाच भरून घेतली होती.

गादी खांद्यावर घेऊन त्या दारात थांबल्या. "काय रे बाबा, दरवेळी आम्हीच का?"

"मोठा नाला गाळाने भरलाय, आजी. सगळं पाणी त्यात मावत नाही. मग जिथे नुकसान सगळ्यात कमी, तिथे मी ते सोडतो. तुमच्या आळीत आजवर काहीच भिजलेलं नाही."

"भिजलं नाही, कारण आम्ही मर मर मरून उचलतो!"

"हो. फार छान उचलता."

द्वारकाबाई झाकणाकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी गादी खाली जमिनीवर अंथरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या. समोर शिलाई मशीन माळ्यावर चढवणाऱ्या रेश्माने हे सगळं ऐकलं होतं. तिने मशीन पुन्हा उंबऱ्याशी आणून ठेवलं.

झाकणावरचा कॅमेरा वळला. "आजी, गादी उचला. नवी दिसतेय."

"दिसतेय ना?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मग सोड पाणी."