मोकळ्या लहरी

गल्लीत मोबाईल वाढले, नेटवर्क अपुरं पडू लागलं, म्हणून कंपनीने खांबावर नवा डबा बसवला. तो वायफायच्याच, परवाना न लागणाऱ्या लहरी वापरायचा. त्यामुळे समोरच्या घरातल्या जुन्या, बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या बेबी मॉनिटरवर मंद खरखर येऊ लागली. तिथे राहणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याने तक्रार केली.

तंत्रज्ञाने डब्याचा चॅनल बदलला. मॉनिटर गप्प झाला.

"आता बाळ निवांत झोपेल, साहेब."

"आमची छकुली जाऊन वर्ष होत आलं," नवरा हळूच म्हणाला. "पण तिची आई मॉनिटर बंदच करू देत नाही. हल्ली तर तासन्‌तास कानाशी धरून बसते."

तंत्रज्ञ जिना उतरला. मागून छकुलीची आई अनवाणी धावत आली.


"दादा, काय केलंत हे? छकुलीचा श्वास थांबलाय!"