नऊ नंबरचा गंजीफ्रॉक

घाटकोपरच्या चाळीत सुलक्षणाने नवऱ्याच्या, धोंडूच्या, कबड्डीच्या गंजीफ्रॉकवर इंग्रजी नऊचा आकडा चौथ्यांदा शिवला. चांगला दुहेरी टाक्याने. तरी मैदानात धोंडूच्या पाठीवर पुन्हा सहाच! कॅप्टन काशीरामचाही नंबर सहा. पंचांनी धोंडूला परत बाहेर बसवलं.

"वहिनी, रविवारी फायनल आहे," काशीराम घरी येऊन कुरकुरला. "तुम्ही आकडा उलटा शिवता आणि वाट आमची लागते."

सुलक्षणा भडकली. तिने त्याच्यादेखत मुद्दाम सहा शिवला, म्हणजे उलटून नऊ होईल. तो मेला सहाच राहिला.

"असं काय?" म्हणत तिने सहा उसवला आणि आठ ठोकून दिला. "आता हो म्हणावं उलटा! कोणाला कळतंय?"

रविवारी संध्याकाळी ती स्टोव्हला पंप मारत होती. दारात काशीराम जिंकलेली ढाल घेऊन उभा. चेहरा पांढराफटक.

"जिंकलो, वहिनी. धोंडूचे पाय धरायला सातही जण धावले. पण पाय जागेवर असतील तर ना!"

"म्हणजे? आकडा उलटला?"

"आकडा सरळच होता. उलटला तो धोंडू."

"मग हे कुठे आहेत?"

"माझ्या आधीच घरात शिरला की." काशीरामने हळूच मान वर केली.

सुलक्षणानेही वर पाहिलं. मैदानातल्या लाल मातीची पावलं दाराच्या चौकटीवरून छतावर चढली होती आणि एकामागून एक स्टोव्हच्या बरोबर वर येऊन थांबली होती.

"सुलक्षणा," तिच्या कानाशीच धोंडूचा दमलेला आवाज आला, "चहा टाकलास का गं?"