फिरता चषक

"बाजूला व्हा! पेशंट आहे आत!"

कंपाउंडरकाकांचा आवाज चौकात घुमला आणि रॅलीचं निवेदन करणाऱ्या, चौकातल्या बॅटरीच्या दुकानवाल्याने, म्हणजे बॅटरीवाल्याने, माईक सरसावला. सकाळपासून तो जिची वाट पाहत होता ती गाडी आली होती.

"मंडळी, आली! आपली लाडकी अँब्युलन्स! आणि ऐकलंत ना? तोच आवाज, तीच तळमळ!"

लोक हसले, पुढे सरकले. मोबाइल वर झाले.

जुन्या गाड्यांच्या रॅलीचं हे चौथं वर्ष. चाळीस वर्षांहून तरुण असलेल्या कुठल्याही वाहनाला आज या रस्त्यावर प्रवेश नव्हता, मग आत कोणीही बसलेलं असो. नियम अध्यक्षांनी स्वतः केला होता. त्यामुळे त्यांनाही नाक्यावर गाडीतून उतरून चालत यावं लागलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी भाषणात स्वतःचं कौतुक करून घेतलं होतं.

काकांनी ही अँब्युलन्स भंगारातून उचलली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. काकू म्हणाल्या होत्या, "स्वतःच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, आणि निघाले हिला वंगण घालायला!" तरी कपडे वाळत घालायच्या जागेवर त्यांनी गाडीसाठी शेड बांधू दिली. काकांनी पत्र्याचे पोचे काढले, इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. स्ट्रेचरचं जाड कापड काकूंनी शिवलं, दुहेरी टाके घालून.

"एवढं मजबूत कशाला? कोण झोपणारे त्यावर?" काकांनी विचारलं.

"तुमचा काय भरवसा?" काकू म्हणाल्या.

पहिल्या वर्षी पेशंट म्हणून शिंप्याच्या दुकानातला पुतळा ठेवला होता. भर चौकात त्याचा हात निखळून पडला. पुढच्या वर्षीपासून काकूच झोपू लागल्या. काका खिडकीतून ओरडायचे, "गंमत नाही ही, माणूस आहे आत!" काकू आतून कण्हायच्या. लोकांची हसून मुरकुंडी वळायची. सलग दोन वर्षं पहिला नंबर. तिसऱ्यांदा मिळाला की फिरता चषक फिरायचा थांबणार आणि कायमचा काकांच्या शोकेसमध्ये बसणार.

आडवे येणारे एकटे वकील होते. त्यांचा आगीचा बंब अँब्युलन्सच्या बरोबर पुढे उभा होता. वकील स्वतः पाईप धरून गर्दीवर फवारे उडवत होते.

"वकीलसाहेब, गाडी पुढे घ्या!" काका ओरडले.

"रांगेत या की, कंपाउंडर! चषक काय पळून जातोय?"

"हात जोडतो तुम्हाला! गंमत नाही ही, माणूस आहे आत!"

"युक्तिवाद जोरदार आहे," वकील म्हणाले. "पण मागच्या वर्षीचाच आहे."

बॅटरीवाल्याने ते माईकवरून पुन्हा सांगितलं. मागच्यांनाही हसायला मिळालं.

दरवर्षी काका खाकी कपडे घालायचे, डोक्यावर टोपी. यंदा बनियन, पायजमा आणि एकाच पायात चप्पल. बॅटरीवाला खूश झाला.

"बारकावा बघा, मंडळी! झोपेतून उठून थेट गाडीवर बसलेला ड्रायव्हर! याला म्हणतात अभ्यास!"

काकांनी घंटेची दोरी ओढली. घंटा जुनी, पितळेची. तिचा आवाज इतका गोड होता की तो ऐकून लोक बाजूला होत नसत, थांबून ऐकत राहत.

मग काका खाली उतरले आणि मागचं दार उघडून आत वाकले. "आलो गं. एवढा चौक ओलांडला की आलोच." काकू कण्हल्या. टाळ्या पडल्या. एका बाईने नीट दिसावं म्हणून आपल्या मुलीला उचलून धरलं.

काकांनी बॅटरीवाल्याचा दंड घट्ट पकडला. "अरे, तू तरी सांग यांना. माईक आहे तुझ्याकडे, तुझं ऐकतील."

"सांगतो की!" तो माईकमध्ये म्हणाला, "मंडळी, काका म्हणतायत रस्ता द्या. द्यायचा का?"

"नाऽऽही!" चौक एका सुरात ओरडला.

"काका, जनतेचा कौल आहे! फोटो झाले की सोडतो तुम्हाला."

काका काहीतरी बोलले. हशात आणि बंबाच्या पाण्यात ते विरून गेलं. ते गर्दीकडे बघत क्षणभर उभे राहिले, मग आत चढले आणि काकूंचा हात हातात घेऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा दारातून हाक मारली. त्यानंतर ते ओरडायचे थांबले. दमले असतील, बॅटरीवाल्याला वाटलं. वयही झालंय.

फोटो बरेच झाले. परीक्षकांनी इतर गाड्यांकडे शिष्टाचार म्हणून पाहिलं. वकिलांनीही शेवटी पाईप बंद केला, बंब बाजूला घेतला आणि हार मान्य असल्यासारखे हात वर केले. व्यासपीठावर अध्यक्ष चषक पुसत उभे राहिले.

बॅटरीवाला धावत अँब्युलन्सच्या मागच्या दाराशी आला.

"जिंकलात, काका! काकू, उठा आता, कमाल केलीत यंदा! चला, रस्ता अगदी मोकळा करून दिलाय."

"आता घाई नाही," काका म्हणाले. ते काकूंचे केस कानामागे सारत होते.

"बरं, सावकाश या. पण गाडीला रॅलीचा नंबर का लावला नाहीत? नाव दिलंत तेव्हा मिळाला असेल ना? फोटोत दिसायला हवा."

काकांनी मान वर केली. बॅटरीवाल्याच्या हातातला माईक चालूच होता.

"यंदा आम्ही नाव दिलंच नव्हतं रे," ते म्हणाले. "दवाखान्याला हाच एक रस्ता आहे."