वाच मोठ्याने

मुलांची वागणूक सुधारावी म्हणून दुबईतल्या त्या शाळेने दर आठवड्याला घरी एक कार्ड पाठवायला सुरुवात केली. सातवीतल्या ओवीचे बाबा त्यावर न चुकता 'उद्धट' असा शेरा लिहून सही ठोकत.

"बाबा, मागची बाजू पण वाचायची असते."

"खलास! सही झाली ना? पळ आता."

महिन्याभराने पालकसभेत ते सगळ्यांदेखत कडाडले, "वाच तुझं कार्ड मोठ्याने! जरा लाज वाटू दे."

ओवी याच घडीची वाट पाहत होती. "शुअर, बाबा," ती गोड हसली.



मग तिने कार्ड उलटं केलं आणि मुलांनी पालकांविषयी लिहायचा रकाना खणखणीत आवाजात वाचला, "शुक्रवार, सुट्टी. भाजी खारट झाली म्हणून बाबांनी आईला ताट फेकून मारलं."