परतीचं पाकीट

लहानू वाडीच्या गोदामात कापडाच्या गाठींवर पत्ते रंगवायचा. पत्त्याविना गाठ त्यानं कधी ट्रकवर चढू दिली नाही. त्याची बायको गोपिका कथा लिहायची. मासिकांच्या रीतीप्रमाणे सोबत परतीचं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची. आजवरच्या सातही कथा त्याच पाकिटांतून साभार परत आल्या. आठवी टपालात टाकताना लहानूनं ते पाकीट गुपचूप काढून घेतलं. वापस यायची सोय आपणच काहून करावी? दिवाळी अंक घेऊन तो धावतच आला. कथा छापली होती! पण खाली संपादकांची टीप: ‘लेखकाने नाव-पत्ता कळवावा.’ कथेवर नाव घालायला गोपिका लाजायची. ते पाकिटावरच असायचं. लहानूनं मान खाली घालून पेटीत लपवलेलं पाकीट काढलं. “काय म्हणावं तुमाले!” गोपिका हसली. “रंगाचा डबा आणा अन् कथेवर माहं नाव लिहा, गाठीवर लिहिता तसं, मोठ्ठं.”